लिहायचा भाव आणि घ्यायचा भाव

“...पुढच्या बाजारापासून पैसे बंद, असं मोठ्या साहेबांनी सांगितलंय, म्हणजे...”

एवढं माझ्या कानावर आलं आणि नेमका त्याच वेळी कडब्याचा ट्रक आमच्या दारावरून गेला. हॉर्न, फुफाटा आणि मागे धावणारी कुत्री! ट्रक वेशीपलीकडे जाईपर्यंत शेजारचं बोलणं संपलेलं.

मी काही भिंतीला कान लावला नव्हता, हे आधीच सांगते. मी आपली ओट्यावर मिलो, म्हणजे रेशनवर मिळणारी ती परदेशी तांबडी ज्वारी, निवडत बसले होते. भिंत पातळ, बोलणाऱ्याचा आवाज मोठा, त्याला मी काय करणार!

असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. धान्य साठवावं लागतं, पाणी साठवावं लागतं. किस्से आपले आपण साठतात. त्या दुष्काळाच्या सालात आमच्या घरात दुसरं काहीच साठत नव्हतं, म्हणूनही असेल, हेच जास्त साठले. पण हे अर्धं वाक्य कळायचं तर आधीचं सांगायला पाहिजे.

आमचं टाकळी नगर जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. गुरुवारचा बाजार. दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही तेव्हा धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. ज्यांना खडी फोडणं जमणारं नव्हतं, म्हणजे म्हातारे, आजारी, पोटुशा बाया, ओल्या बाळंतिणी, त्यांच्यासाठी नगरच्या एका मदत समितीनं आमच्या शेजारच्या खोलीत केंद्र उघडलं. तिथं धान्य मिळायचं नाही. एक बाजार आड रोख पैसे मिळायचे. ज्याला जे लागतं ते त्यानं बाजारातून घ्यावं, असा हिशेब.

केंद्रात माणसं दोनच. एक साळवे मास्तर, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, पांढरा शर्ट आणि हळू बोलणं. दुसरे गुंजाळ, संगमनेरचे, नुकतं कॉलेज झालेले. बाजारात फिरून ज्वारीचा, तेलाचा, मिठाचा भाव लिहून घ्यायचा आणि नगरला कळवायचा, हे त्यांचं काम. त्या भावावर ठरायचं, माणशी किती पैसे द्यायचे.

आणि आमच्या समोरच्या घरात पारूबाई आणि तिची सून सगुणा. केंद्र उघडलं तेव्हा सगुणाला सातवा लागला होता. आदल्या खेपेला ती कामावर जात राहिली आणि आठव्यात पोर हातचं गेलं. म्हणून सुईणीनं बजावलं होतं, “या वेळी उन्हात बसलीस तर माझ्याकडं येऊ नको.” नवरा नामदेव श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यावर गेलेला. पारूबाई विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, “माझ्या नाम्याची मनिऑर्डर येती दर म्हयन्याला!”

आमचे हे गावचे पोस्टमन. त्या घरी मनिऑर्डर येत नव्हती हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. आमच्या आळीत मी एवढी एकच गोष्ट बोलले नसेन.

*

पहिल्या गुरुवारी पैसे घ्यायला कुणी आलंच नाही!

माणसं आली, पण लिंबाखाली लांब उभी राहिली. कुणी म्हणे पैसे घेतले की बाटवणार. कुणी म्हणे पैसे घेतले की गाडीत घालून ऑपरेशनला नेणार. तेव्हा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची शिबिरं जोरात होती, त्यामुळे ही दुसरी गोष्ट सगळ्यांना पटली.

साळवे मास्तर उठून म्हणाले, “अहो, घाबरू नका. यात काही नाही.”

लिंबाखालून एक जण म्हणाला, “काय न्हाई तर देता कशाला?”

ऊन चढत चाललं. सगुणा उभी राहून राहून पांढरी पडली होती. शेवटी पारूबाईनं तिचा हात धरला, गर्दीतून वाट काढली आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“आधी माझं नाव लिवा. आन् करा माझं ऑपरेशन. बघू तरी काय निघतंय!”

मग जी रांग लागली ती दिवस मावळेपर्यंत!

*

गुंजाळ पहिल्यांदा भाव विचारायला निघाले तो किस्सा तर आमच्याकडे म्हण होऊन बसलाय.

बाजारात धान्याचं मोठं दुकान मोतीशेठचं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण मोतीशेठचं बोलणं आमच्यापेक्षा अस्सल टाकळीचं. गुंजाळ पायरी चढले तसे शेठ गादीवरून उठले, पाट झटकला, गुळाचा चहा मागवला.

“ज्वारीचा भाव काय, शेठ?”

“तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचं साहेब!” शेठनं भाव सांगितला. तो ऐकून बाहेर उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इतकी स्वस्त ज्वारी आम्ही त्या साली बघितली नव्हती.

तेलवाल्यानं तेच केलं. मिरचीवालीनं तर, “राहू द्या साहेब, तसंच न्या,” म्हणून मूठभर मिरच्या खिशात कोंबल्या. आपल्याकडे रीतच आहे ती. नव्या पाहुण्याला, त्यातून कागदपेन्सिलवाल्याला, खरा भाव सांगणं म्हणजे त्याचा अपमान! गुंजाळ जे ऐकतील ते लिहीत गेले.

पारूबाई त्यांच्या मागेच पिशवी घेऊन उभी होती. ते खाली उतरले तशी ती पुढं झाली.

“मला बी ह्याच भावानं दे रं, मोती.”

मोतीशेठ हात जोडून म्हणाले, “आजी, त्यो लिवायचा भाव हाय. घ्यायचा येगळा!”

*

बाया हसल्या खऱ्या, पण ते हसणं पुढच्या वाटपापर्यंतच टिकलं. नगरला स्वस्ताईचा आकडा पोचला होता, म्हणून पैसे बेताचेच आले. सगुणाच्या पिशवीत त्या पैशांची ज्वारी पंधरवड्यातल्या निम्म्या दिवसांना पुरेल एवढी पडली. ती पिशवीकडे पाहतच राहिली.

गुंजाळांनी मात्र ते पाहिलं. माणूस सरळ होता. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, “काकू, माझ्यामुळे झालं हे. पोस्टमनकाकांचं एक धोतर द्याल का?”

पुढच्या बाजाराला आमच्या ह्यांनी त्यांना धोतर नेसवलं, पटका बांधला, पायांत जुन्या वहाणा घातल्या. आरशात बघून गुंजाळ म्हणाले, “आता कोण ओळखतो?”

धान्य घेणारा माणूस काय करतो? आधी ढिगात हात घालतो. मग एक दाणा तोंडात टाकतो. मग तोंड वाकडं करतो. आणि मग कुठं, घ्यायचंच नाही अशा आवाजात, भाव विचारतो. गुंजाळ सरळ जाऊन ढिगासमोर उभे राहिले, हात मागे बांधले आणि विचारलं, “आज ज्वारीचा दर काय आहे?”

मोतीशेठनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“कुठला सांगू साहेब? पँटीतला का धोतरातला?”

*

पण त्या दिवसापासून शेठही जरा वरमले. गुंजाळांना बायांच्या बरोबरीचा भाव सांगू लागले. दोन बाजार भाव तोच राहिला आणि गुंजाळ खूश! मास्तरांना म्हणाले, “भाव स्थिर आहे.”

मी मध्येच बोलले. मला राहवत नाही. म्हटलं, “भाव हाय तिथंच हाय, पण शीग कुठं गेली ते विचारा!”

माप भरल्यावर काठाच्या वर जो ढीग राहतो ती शीग. आमच्याकडे पायली शिगेसकटच मोजायची. मोतीशेठनं भाव वाढवला नव्हता, फक्त मापावरून लाकडी पट्टी फिरवायला सुरुवात केली होती. पायली सपाट!

त्या गुरुवारी दुकानासमोर बायांनी कालवा केला. सगुणा सगळ्यांत पुढं होती. एरवी न बोलणारी पोर, पण म्हणाली, “शेठ, शीग लावा. न्हाईतर पायली म्हनू नका तिला.”

“सगुणे,” शेठ पट्टी बाजूला ठेवत म्हणाले, “औंदा डोंगर उघडे पडल्यात, तिथं मापावर डोंगर कुठनं आनू? मला बी आता वरनं सपाट मापच येतंय.”

तेही खोटं नव्हतं. ते स्वतः घरी मिलोची भाकरी खात होते, शेठाणीनंच मला सांगितलं होतं.

मग गुंजाळांनी नवाच मार्ग काढला. कुणाला काही विचारायचंच नाही! केंद्राच्या ओट्यावर तराजू टांगला आणि बाजारातून परतणाऱ्या बायांना म्हणाले, “किती पैसे दिले ते सांगा आणि पिशवी इथं लटकवा.” दिवसभर पिशव्या लटकल्या. खरा भाव निघाला तो ऐकून गुंजाळ दचकलेच. पण मग उत्साहानं म्हणाले, “मास्तर, हे नगरला गेलं की माणशी पैसे वाढणार!”

साळवे मास्तर तराजू उतरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“गुंजाळ, भांड्यात आमटी तेवढीच आहे. डाव मोठा केला की पंगत लहान होते.”

*

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात, नगरहून निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडचं, मी ते अर्धं वाक्य ऐकलं. पुढच्या बाजारापासून पैसे बंद!

हे गावभर मी केलं असं काही जण अजून म्हणतात. खोटं आहे. मी मिलोचं सूप खाली ठेवून गिरणीपर्यंत पोचले, तर नगरच्या एसटीच्या कंडक्टरनं तीच बातमी तिथं माझ्या आधी पोचवली होती. गिरणीत ती “पैसे बंद” होती, विहिरीवर “दिल्याले बी माघारी घेनार” झाली आणि मारुतीच्या पारापर्यंत “ज्यांनी घेतले त्यांच्यावर खटला” झाली!

दुपारपर्यंत ज्याच्याकडे जे होतं नव्हतं ते घेऊन सगळं गाव मोतीशेठच्या दारात. शेठनं घाबरून दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या. फळ्या लावल्यावर माणसं जास्तच घाबरली. ज्वारी तासातासाला चढायला लागली.

गुंजाळ गर्दीत उभे, हातात पेन्सिल, कपाळावर घाम. मला बघून म्हणाले, “काकू, पैसे अजून बंद झाले नाहीत तरी भाव वाढला! याचं कारण काय लिहू?”

मी म्हटलं, “कंडक्टर लिवा!”

हसू आलं नाही कुणालाच.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत सगुणा घरातून निघालेली मी पाहिली. पदरात काहीतरी लपवलेलं. मी मागोमाग गेले. रस्त्याच्या कामावर पोचते तो ही खडीच्या ढिगापाशी बसलेली, हातात हातोडी. तोवर नववा लागला होता तिला.

मुकादम डोक्याला हात लावून समोर उभा. “बाई, ऊठ. तुझं काय झालं तर मला फाशी देतील.”

“नाव लिवा,” सगुणा म्हणाली. “पैसं बंद हुनारच हायत. आज बसले काय आन् पुढल्या बाजाराला बसले काय.”

“सगुणे,” मी म्हटलं, “सुईण काय म्हणाली हुती?”

“आक्का, सुईन उन्हात बसू नको म्हनाली. खायचं काय ते न्हाई म्हनाली.”

तिनं हातोडी उचलली. एक दगड फुटला. दुसरा फुटला. तिसऱ्याला तिनं हातोडी खाली ठेवली आणि कमरेवर हात दाबून डोळे मिटून बसली. आजूबाजूच्या बायांचे हात थांबले. पण कळ ओसरली, आणि तेवढ्यात पारूबाई येऊन थडकली. ती माळावरून पळतच आली असावी, एका पायात वहाण नव्हती.

“ऊठ! ऊठ म्हनते ना! माझी सून खडी फोडत न्हाई!” मग मुकादमाकडे, बायांकडे, सगळ्या रस्त्याकडे बघून ओरडली, “माझा नाम्या कमावतोय! दर म्हयन्याला मनिऑर्डर येती त्याची! आमाला काय कमी न्हाई!”

मुकादम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “एवढं येतंय तर ही वहाण एकच कशी?”

*

सगुणाला घरी टेकवून मी सरळ केंद्रात गेले. म्हटलं, “मास्तर, अर्धं मी ऐकलंय. उरलेलं तुम्ही सांगा.”

मास्तरांनी वही मिटली. मग म्हणाले, “वहिनी, सगळ्यांचे बंद नाही. खरा भाव कळला, तसे माणशी पैसे वाढवावे लागणार, आणि समितीकडे पैसा आहे तेवढाच आहे. म्हणून ज्यांच्या घरी कमावता पुरुष आहे त्यांचे बंद. बाकीच्यांना पोटभर. समितीचे मोठे साहेब गुरुवारी स्वतः येऊन एकेकाला विचारणार आहेत.”

कमावता पुरुष! पारूबाई आत्ताच सगळ्या रस्त्याला ओरडून सांगून आली होती.

तेवढ्यात दारात मोतीशेठ. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

“मास्तर, साहेब माझ्या दुकानात बी येनार म्हनं. मी भाव जास्त सांगितला तर मानसं कमी करनार. कमी सांगितला तर पैसं कमी करनार. दोन्हीकडनं गिऱ्हाईक माझंच मरतंय. तुमीच सांगा, कुठला भाव सांगू? त्यो सांगतो!”

“खरा सांगा,” मास्तर म्हणाले.

मोतीशेठनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

“खरा? बघतो. सवय न्हाई ऱ्हायली.”

*

मी संध्याकाळी पारूबाईकडे गेले. ती चुलीपुढे, सगुणा भिंतीला टेकून. मी साहेबांचा नियम सांगितला. म्हटलं, “पारूबाई, गुरुवारी खरं काय ते सांगा.”

“खरं म्हंजी काय गं, गोदे?”

“मनिऑर्डरचं.”

पारूबाईनं फुंकणी खाली ठेवली. “का? तुझा नवरा माझ्या मनिऑर्डरी लपवून ठिवतो का काय?”

पण सगुणाच बोलली. “आत्याबाई, तुमी नका सांगू. मी सांगते. सा म्हयने झालं, एक पैसा न्हाई, म्हनून सांगते.”

पारूबाई फिरली ती वाघिणीसारखी. “भर बाजारात? माझा पोरगा बायकापोरांना टाकून बसला म्हनून सांगनार? उद्या त्यो माघारी आला तर कुनाला तोंड दावंल त्यो? तू एवढं बोललीस, तर ह्या घराचा उंबरा तुला न्हाई!”

“मग मी खडीवर जाते.”

“जायचं न्हाई!”

चुलीवर मिलोच्या कण्या उतू गेल्या. त्या उतरवायला दोघींतली कुणीच उठली नाही. शेवटी मी उतरवल्या.

*

गुरुवारी साहेब जीपमधून आले. माणूस तापट नव्हता, उलट फार शांत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. आधी ते मोतीशेठकडे गेले. शेठनं भाव सांगितला. गुंजाळांच्या तराजूवर निघाला होता तोच! सगळ्या बाजारानं ऐकला. साहेबांनी मान डोलावली आणि लिंबाखाली टेबलापाशी येऊन बसले. बाजूला मास्तर वही घेऊन.

प्रश्न एकच. “घरात कमावता पुरुष?”

काही बाया खरं बोलल्या, मास्तरांनी रेघ मारली आणि त्या खाली मान घालून रांगेतून निघाल्या. एकीनं “न्हाई” म्हणून सांगितलं. साहेबांनी तिच्यामागे छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. “हे कोण?”

“हे मालक हायत. पर कमवत न्हाईत!”

बाजार हसला. साहेब हसले नाहीत. तिच्या नावावरही रेघ. ऊन डोक्यावर आलं तोवर निम्मी रांग रिकाम्या हातानं परत गेली होती. कंडक्टरची बातमी त्यांच्यापुरती खरी ठरली होती.

मग सगुणाचा नंबर आला. पारूबाई तिला खेटून उभी. गर्दीत मुकादम होता, खडीवरच्या बाया होत्या, मोतीशेठ दुकान सोडून आले होते. आमचे हे टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन उभे.

“घरात कमावता पुरुष?”

सगुणाचे ओठ हलले. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. मास्तरांचं पेन वहीवर टेकलेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं पोरी, उंबरा गेला तर माझा आहे!

पण बोलली पारूबाई.

“हाय की.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“श्रीगोंद्याला कारखान्यावर हाय माझा नाम्या,” पारूबाई खणखणीत आवाजात म्हणाली. “दर म्हयन्याला पैसं धाडतो. एक म्हयना चुकला न्हाई त्यो.”

साहेबांनी मास्तरांकडे बोट केलं. रेघ मारायची खूण. मास्तरांचं पेन हललं नाही.

“पर ते माझ्या नावानं येत्यात, साहेब,” पारूबाई पुढं म्हणाली. “म्या हिला दमडी दावत न्हाई. सगळं माझ्यापाशी गाठ मारून ठिवते. पोटुशी हाय तरी मिलोच्या कन्या घालते. लई खडूस सासू हाय म्या, इचारा ह्या गावात कुनाला बी. तवा हिच्यापुरतं म्हनाल, तर कमावता न्हाईच. तसं लिवा.”

आमचे हे पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधायला लागले.

साहेब म्हणाले, “आजी, सुनेला उपाशी ठेवता. लाज नाही वाटत?”

“वाटती की, साहेब. पर काय करावं, सभावच तसा!”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मास्तरांना म्हणाले, “या मुलीचं नाव राहू द्या. आणि पैसे हिच्याच हातात द्या. या म्हातारीला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.”

मास्तरांनी पैसे सगुणाच्या ओंजळीत ठेवले. त्यांनीच तिची मूठ मिटून दिली. गर्दीतून एक जण म्हणाली, “शी! असली सासू वैऱ्याला बी नको गं बाई.” दुसरी तर जमिनीवर थुंकली.

पारूबाईनं पदर डोक्यावर घेतला, एका हातानं सगुणाचा दंड धरला, आणि दुसऱ्यानं त्या थुंकणारीलाच बाजूला सारत म्हणाली,

“सरका गं, सरका! पोटुशी बाई हाय, दिसत न्हाई का?”